जेवलात का, हे विचारायचं नसतं

आमच्या घरात पाहुण्याला "जेवलात का?" असं विचारणं म्हणजे शिवी देण्यासारखं होतं. लग्न होऊन आले त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशीच मला हे कळलं, आणि चांगलंच कळलं. दुपारी अडीचच्या सुमाराला सासऱ्यांच्या ओळखीचं कुणीतरी आलं. मी लातूरच्या वस्तीत वाढलेली, तोंडाला तिथली सवय. पाण्याचा तांब्या पुढं करता करता बोलून गेले, "जेवण झालं का?" त्या माणसानं "हाव हाव, झालं की" म्हणत पाणी प्यायलं आणि थोड्या वेळानं तो निघून गेला.

सासरे ओट्यावरच बसले होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पाहुणा वळणाआड गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, इचारून वाढत्यात ती खानावळ. ह्ये घर हाय. माणूस उंबऱ्यात आला की तवा ठिवायचा. खाईल, न्हाईतर न्हाई खाईल. पर आपुन इचारायचं न्हाई."

मी मान खाली घालून आत आले, तर माझी थोरली जाऊ पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. तिला मी अक्का म्हणायची. "मला बी पैल्या वर्षी ह्येच भाषण मिळालतं," ती म्हणाली. "पुढच्या वक्ताला ध्यान ठिव. तवा आधी, तोंड मागनं."

घर देवणीपासून चार-पाच मैलांवर. सासू मी यायच्या आधीच गेलेली, त्यामुळं घराची मालकीण अक्काच. आणि काय मालकीण! मीठ आणि चहापत्ती सोडली तर त्या घरानं दुकानाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ज्वारी घरची, तूर घरची, करडई घाण्याला नेऊन तेल घरचं. अंबाडी भिजवून, सोलून दोरसुद्धा घरीच वळायचे. दावणीला देवणी गाई आणि बैलजोडी, ताक तर गल्लीभर वाटायची अक्का. गावात इंजिनावरची गिरणी आली होती, पण अक्का म्हणायची, गिरणीचं पीठ मेलेलं असतं, भाकर फुगत नाही. म्हणून पहाटे जातं. माझे हात पहिले दोन महिने फोडांनी भरलेले होते आणि मी रोज मनातल्या मनात त्या जात्याला शिव्या घालायची. अक्का दुसऱ्या बाजूनं खुंटा धरायची आणि जोर सगळा तीच लावायची. मी नुसता हात ठेवायची, हे आम्हा दोघींनाच माहीत.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. गल्लीतल्या बायका आमच्याकडून सगळं न्यायच्या. विरजण, पीठ, चटणीला जवस, विस्तव. अक्का भरल्या हातानं द्यायची. पण आम्ही कुणाकडं काही मागायचं नाही. एकदा हळद संपली तर अक्कानं चार दिवस पिवळं वरण केलं नाही, पण शेजारी वाटी पाठवली नाही. मी म्हटलं, "अक्का, चिमूटभर हळदीनं नाक कापलं जातंय का?" तर म्हणाली, "ह्या घराचा हात वर ऱ्हातो. खाली येत न्हाई." मला वाटलं, किती हा ताठा! आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्याचा गाजावाजा सगळीकडं, पण पावसानं पाठ फिरवली होती ती फिरवलीच. दुसरं साल कोरडं जात होतं. कडबा संपला तसे माझे दीर आणि माझा नवरा जनावरं घेऊन छावणीवर गेले. दावण मोकळी झाली. मळ्यातल्या विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की घरातले होते नव्हते ते सगळे दोर एकमेकांना गाठी मारून पोहऱ्याला बांधावे लागले. ते ओझं रोज वाहायचं नको म्हणून दोर विहिरीवरच ठेवलेला असायचा. घरात उरलो मामा, अक्का, तिची चार वर्षांची मुलगी आणि मी. मला सातवा महिना होता.

त्यात कणगीतली ज्वारी संपली. खरं तर घाबरायचं काही कारण नव्हतं, कारण अंगणात पेव होतं. पेव म्हणजे जमिनीतली कोठी. तोंड एका माणसापुरतं, आत पोट रांजणासारखं, दोन पुरुष खोल. वर फरशी बसवून माती-शेणानं लिंपलेलं. आधीच्या सुगीची ज्वारी त्यात तळाशी होती. अक्का म्हणायची, "दुस्काळाला म्हणावं, आमच्या अंगणातनं वाकून जा."

पेव उघडायची रीत ठरलेली. फरशी काढली की एक दिवस, एक रात्र ते तसंच उघडं ठेवायचं. मग कंदील दोराला बांधून पार तळाला टेकेपर्यंत सोडायचा. जळत राहिला तर माणसानं उतरायचं. विझला तर आणखी एक दिवस थांबायचं. बंद पेवात वाफ धरते, आणि ती वाफ तळाशी बसून राहते, माणसाला ओरडूसुद्धा देत नाही. हे सगळं मला कुणी सांगितलं? अक्कानंच. जात्यावर बसून, हातवारे करून.

त्या दिवशी सकाळी अक्कानं आणि मामांनी पहार लावून फरशी सरकवली. आतून कुबट, आंबूस भपकारा आला. उद्या ज्वारी काढायची, आज मुगाच्या घुगऱ्यांवर भागवायचं, असं ठरलं. पिठाचा डबा झाडून अक्कानं पोरीपुरती एक लहानशी भाकर आदल्या रात्रीच करून ठेवली होती.

आणि दहाच्या सुमाराला दारात माझे वडील, आप्पा, उभे! सोबत धाकटे चुलते. मला बाळंतपणाला न्यायला आले होते. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं येणार हे माहीत होतं. पण त्याच दिवशी येतील हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. मला इतका आनंद झाला की पदर सावरायचंही सुचेना. मी पाणी आणि गुळाचा खडा घेऊन गेले. आप्पांच्या काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं, ते त्यांनी सोप्यातल्या खुंटीला अडकवलं. मला वाटलं, आईनं माझ्यासाठी डिंकाचे लाडू दिले असणार. विचारायला ओठ उघडले, पण मामा समोर बसलेले. सासऱ्यासमोर सुनेनं बापाशी लाडात बोलायचं नाही, आणि पाहुण्याला तर काही विचारायचंच नाही. मी गप्प आत आले.

बाहेर दोघा व्याह्यांच्या गप्पा सुरू झाल्या. आप्पा सांगत होते, "आता कशाच्या कामाला उस्मानाबाद गाठायचं काम न्हाई, इवाई. कलेक्टर लातूरलाच बसायलाय." मामा म्हणाले, "बसू द्या. जिल्हा आला, पर पाऊस काय आला न्हाई." दोघं मोठ्यानं हसले. ते हसणं मला आत ऐकू येत होतं आणि मी आणि अक्का रिकाम्या डब्याकडं बघत उभ्या होतो.

"अक्का, शेजारून दोन शेर पीठ आणते," मी म्हटलं. "पाच मिनिटाचं काम."

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी चोरी करायला निघाले होते. "अंगणात पेव उघडं पडलंय, आन मी वाटी घिऊन दुसऱ्याच्या दारात उभी ऱ्हाऊ? तुझ्या बापाला काय वाटंल? लेक उपाशी घरात दिली म्हणंल."

"आप्पा काही म्हणायचे नाहीत. घुगऱ्या खातील की."

"इवाई हायती ते, येडे! घुगऱ्या वाढून तुला बाळंतपणाला लावून देऊ?" तिनं पदर खोचला. "च्याला ठिव आधण. ते च्या पिऊस्तवर मी पाटीभर ज्वारी काढते. दोघी मिळून दळू. बाराच्या आत भाकरी."

"अजून एक रात्र गेली नाही, अक्का."

"कंदील सोडून बघू की. मी काय खुळी हाय का?"

आणि कंदील सोडायला दोर नव्हता. दोर मळ्यात, विहिरीवर. अक्कानं मोकळ्या दावणीपाशी शोधाशोध केली. बैलाच्या कासऱ्याचा एक तुकडा सापडला. त्याला कंदील बांधून तिनं आत सोडला. कासरा संपला तेव्हा कंदील पेवाच्या निम्म्यात होता. मी वरून बघितलं. ज्योत सरळ, पिवळी, छान जळत होती.

"जळायलाय का न्हाई?" अक्का म्हणाली.

"जळतोय. पण तो तळाला कुठं गेलाय?"

"अगं, इथवर जळायलाय तर खाली काय आंधार हाय का? आता काय कलेक्टरचा हुकूम आणू?" ती हसली. तिचे पुढचे दोन दात थोडे एकावर एक होते, हसली की दिसायचे. "तू कासरा धर. आन वाकू नकोस. पोटुशी बाईनं पेवावर वाकू न्हाई."

मी "बरं" म्हटलं. एवढंच म्हटलं. आज मला माझ्या त्या 'बरं'चा इतका राग येतो की काय सांगू. बापासमोर नाही, सासऱ्यासमोर नाही, निदान जावेसमोर तरी आडवं पडायचं होतं. पोट घेऊन त्या तोंडावर बसायचं होतं. पण मी शहाण्यासारखा कासरा धरला.

अक्कानं बांबूची शिडी आत सोडली, पाटी डोक्यावर उपडी घातली आणि उतरायला लागली. शिडीच्या पायऱ्या कुरकुरत होत्या. कंदिलापाशी गेली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला दिसला. "लई गरम हाय गं आत," ती म्हणाली. मग आणखी दोन पायऱ्या. मग पाटी घरंगळल्याचा आवाज, आणि त्याच्या मागोमाग धप्प. पोतं टाकल्यासारखा.

मला वाटलं, ती माझी थट्टा करतेय. देवाशपथ, मला तसंच वाटलं. महिन्यापूर्वी ती गोठ्यात दडून बसली होती आणि माझ्या अंगावर ओरडली होती, मी किंचाळले तर पोट धरून हसली होती. मी वरून म्हटलं, "अक्का, पुरे झालं नाटक. उठा." माझं तिच्याशी शेवटचं बोलणं हे.

आतून काहीच आलं नाही. कंदील मधेच जळत होता, तसाच, सरळ. त्याखाली नुसता काळोख. मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण आप्पा आणि मामा धावत आले हे आठवतं.

आप्पांनी काही विचारलं नाही, थेट शिडीवर पाय ठेवला. मामांनी त्यांच्या कमरेला मिठी मारली. सत्तरीचा म्हातारा, पण असा लटकला की दोघंही मातीत पडले. "एक गेली ती गेली! दुसरं माणूस जाऊ द्यायचं न्हाई मी!" मामा ओरडत होते. मला त्या क्षणी मामांचा गळा दाबावा वाटला. आपली सून खाली पडलीय आणि हा माणूस गेली म्हणतो? अजून तर दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत! पण ते खरं बोलत होते. पेवात एकामागून एक उतरून घरंच्या घरं संपलेली त्यांनी ऐकली होती.

"दोर आणा!" मामा म्हणाले, आणि मग त्यांनाच आठवलं, दोर कुठं आहे ते. चुलते आणि गल्लीतली दोन-तीन माणसं मळ्याकडं पळाली. तोपर्यंत अंगण भरलं. बायका गोधड्या आणून पेवाच्या तोंडाशी वारा घालू लागल्या. कुणीतरी म्हणालं, पाणी ओता, पाण्यानं वाफ बसते. आमच्या घरात दोन घागरी होत्या, त्या ओतल्या. आणि मग शेजारीण आपली घागर घेऊन आली. तिच्या मागं दुसरी. समोरच्या घरची म्हातारी हंडा घेऊन आली, दोन्ही हातांनी, डगमगत. त्या साली घागरभर पाणी म्हणजे काय होतं, हे ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक. कुणी मागितलं नव्हतं त्यांना. त्यांनी ओतलं, रिकाम्या घागरी तिथंच टाकल्या आणि गोधड्या हलवायला लागल्या. ज्यांच्या दारात वाटी न्यायला अक्का तयार नव्हती, त्या ह्याच बायका.

दोर आला. एका तरुणानं तोंडाला ओलं फडकं बांधलं, कमरेला दोर बांधून तो खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. दुसऱ्या खेपेला अक्का वर आली. तिच्या केसांत ज्वारीचे दाणे अडकले होते. मी ते एकेक काढत बसले. कुणीतरी माझा हात धरून बाजूला करेपर्यंत मी दाणेच काढत होते.

दीर आणि माझा नवरा छावणीवरून आले. देवणीहून हवालदार आला, पंचनामा झाला. त्याच्या जवळच्या छापील कागदावर जिल्हा म्हणून उस्मानाबाद लिहिलेलं होतं. त्यानं ते पेनानं खोडलं आणि वर लातूर लिहिलं. मी खांबाला टेकून ते बघत होते. एवढं बारीक कसं लक्षात राहिलं, मला माहीत नाही. डोकं बधिर झालं होतं आणि डोळे मात्र सगळं टिपत होते.

माणसं मातीवरून परत आली तेव्हा दिवस मावळायला थोडाच अवकाश होता. घरात चूल पेटायची नव्हती. शेजारून पिठलं-भाकरी येणार होती, पण यायला उशीर होता, आणि अक्काची पोर सकाळच्या त्या लहानशा भाकरीवरच होती. ती रडत नव्हती. माझ्या मांडीला टेकून एकसारखं म्हणत होती, "भाकर दे. भाकर दे." मला खुंटीवरचं गाठोडं आठवलं. लाडू असतील, एक तिला देऊ, म्हणून मी ते काढलं आणि गाठ सोडली.

आत भाकऱ्या होत्या. माझ्या आईच्या हातच्या, पातळ, घडी घातलेल्या आठ-नऊ भाकऱ्या, मधे लसणाची चटणी.

मी बघतच राहिले. एक भाकर मोडून पोरीच्या हातात दिली. तिनं घास खाल्ला आणि म्हणाली, "ही आईची न्हाई." आणि मग भुकेनं ती सगळी खाल्ली.

"आप्पा," मी म्हटलं, "हे काय आणलंत?"

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. "तुझ्या आईनं बांधून दिल्या. दुस्काळ हाय, लेकीच्या घराला वज्जं नको म्हणली. आम्ही सकाळीच देवणीच्या स्टँडवर दोन-दोन खाल्ल्या, बाई. उरलेल्या तुमच्यासाठी व्हत्या."

"म्हणजे तुम्ही जेवून आला होता?"

"हाव."

"मग बोलला का नाहीत? आप्पा, का नाही बोललात?"

"कुणी इचारलंच न्हाई," आप्पा म्हणाले. "आत तुमची लगबग ऐकू आली. म्हणलं, नको म्हणलं तर इवायांचा अपमान व्हईल. ताट आलं की घासभर खाऊ म्हणलं."

मामा तिथंच बसले होते. त्यांनी ते ऐकलं. डोक्याचं मुंडासं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. मी माझ्या बापावर ओरडले, सगळ्यांसमोर. बापाचा काय दोष? पण कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं. मामांवर, आप्पांवर, त्या मेल्या रीतीवर, अक्काच्या ताठ्यावर. माझ्यावर तर पहिल्यांदा.

दोन महिन्यांनी मला माहेरी मुलगा झाला. तान्ह्याला घेऊन परत सासरी आले तेव्हा पेव दगड-मातीनं बुजवलेलं होतं. अक्काची पोर मीच वाढवली. आणि पहिल्यांदाच कुणी पाहुणा आला तेव्हा मामा ओट्यावरून उठून उंबऱ्यापर्यंत गेले आणि मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जेवून आलाव का?" पाहुणा वरमला. मामांनी पुन्हा विचारलं. मी आत तवा हातात धरून उभी होते, तो खाली ठेवला आणि रडले.

आता मी लातूरला राहते. दारात कुणी आलं की चपला काढायच्या आत विचारते, जेवलात का? लोक म्हणतात, म्हातारी कंजूष आहे. सुनेला लाज वाटते. वाटू दे! आणि वर्षातून एक-दोनदा, घरात पिठाचा डबा काठोकाठ भरलेला असताना, मी वाटी घेऊन शेजारच्या दारात जाते. शेजारीण हसते. "काकू, तुमच्याकडं तर पिठाचा अख्खा कट्टा भरलेला असतो, माझ्याकडं काय मागता?" असतो ना. तरी मागते. वाटीभर पीठ मागितल्यानं माणूस मरत नाही, हे मला त्या दिवशी अक्काला ओरडून सांगायचं होतं. मी 'बरं' म्हटलं आणि कासरा धरला.